पाठ टेकण्यापुरती जागा

लालबागच्या आमच्या चाळीत दुपारी दोरीच्या उड्या मारायच्या नाहीत असा नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण प्रत्येक पोराला ठाऊक होता. कुठल्या ना कुठल्या खोलीत रातपाळी करून आलेला माणूस झोपलेला असायचा. आमच्या शेजारच्या खोलीत गावाकडचे सात-आठ गडी राहायचे, तीन पाळ्यांत वाटलेले. एक उठून गिरणीत गेला की त्याच्याच चटईवर दुसरा आडवा व्हायचा. त्या चटईला गार व्हायला सवड मिळत नाही, असं आई म्हणायची. भर दुपारी त्या दाराला पडदा ओढलेला असे आणि आम्ही पोरं तिथून जाताना चपला हातात घेत असू. गॅलरीत धुणं बडवायचं असलं किंवा रेडिओ लावायचा असला तर बायका आधी विचारून घ्यायच्या, ‘आज कोण झोपलंय?’

हल्ली विश्रांतीबद्दल आणि साध्या राहणीबद्दल पुष्कळ वाचायला मिळतं. फोन लांब ठेवा, कपाटं रिकामी करा, सकाळी दहा मिनिटं डोळे मिटून बसा. हे सगळं चांगलंच आहे. मीही त्यातलं काही करते. पण ते वाचताना मला शेजारच्या खोलीतला तो चटईवरचा माणूस आठवतो. त्याची झोप त्याच्या एकट्याच्या हातात नव्हती. सगळ्या मजल्याने मिळून ती राखली होती. कुणी त्याला ‘झोपेचं महत्त्व’ समजावून सांगितलं नव्हतं, पण पोरांच्या पायांतल्या चपला निघाल्या होत्या.

विसावा ही रस्त्यासारखी, पाण्यासारखी सगळ्यांची मिळून असलेली वस्तू आहे असं मी मानते. ती नियमाने राखावी लागते. नियम सैल सोडला की ती सगळ्यांची सारखी कमी होत नाही. ज्याला मागायचं बळ नाही त्याची आधी जाते.

रविवारचंच घ्या. रविवार हा आभाळातून आला असावा इतका आपल्याला सवयीचा झालाय. मुंबईच्या गिरणी कामगाराला तो १० जून १८९० रोजी मिळाला. त्याआधी सणावारांच्या मोजक्या सुट्ट्या सोडल्या तर आठवड्याची अशी हक्काची सुट्टी नव्हती. उजाडलं की काम सुरू आणि अंधार पडला की बंद. म्हणजे उन्हाळ्यात दिवस मोठा तर काम मोठं. काही गिरण्या रविवारी बंद असल्या तरी यंत्रं पुसायला कामगारांना बोलावलं जाई. सुट्टी यंत्राला मिळायची, माणसाला नाही.

हा रविवार ज्यांनी मिळवून दिला ते नारायण मेघाजी लोखंडे महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले. गिरणीतली नोकरी त्यांनी आतून पाहिलेली होती. पुढे ती सोडून ते ‘दीनबंधु’ पत्र चालवू लागले. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी मुंबईत कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातल्या मागण्या मी पहिल्यांदा वाचल्या तेव्हा थबकले होते. पहिली मागणी दर रविवारी पूर्ण सुट्टीची. दुसरी, दुपारी अर्धा तास विसाव्याची. तिसरी, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावं अशी. मग पगार महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा आणि काम करताना जायबंदी झालेल्याची सोय लावावी. या पाच मागण्यांत मजुरी वाढवून द्या असं कुठेही नाही. ज्यांना दोन वेळची भ्रांत होती त्या माणसांनी पैशाच्या आधी वेळ मागितला. दारिद्र्यात दिवस काढणाऱ्याला विश्रांतीची चैन सुचत नाही, असं जे आपण बेफिकिरीने म्हणतो, त्याला या साडेपाच हजार सह्यांनी तेव्हाच उत्तर दिलेलं आहे.

अर्जाने लगेच काही हललं नाही. सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या. १८९० साली, दहा हजार माणसांसमोर, उघड्या मैदानावर गिरणीतल्या बाईने उभं राहून सुट्टी मागणं ही काय गोष्ट असेल याची कल्पना करून बघावी. घरी जाऊन चूल पेटवायची होतीच त्यांना. त्यानंतर दीडएक महिन्यात गिरणी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुट्टी आली आणि मुंबईपुरता राहिलेला करार देशभरच्या कारखान्यांचा नियम झाला. लोखंडे १८९७ च्या फेब्रुवारीत प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना प्लेगनेच गेले. वय पन्नाशीच्या आतच.

मोठ्या माणसाच्या पुतळ्याला हार घालायला मी हे सांगत नाही. त्या रविवाराने काय केलं ते बघा. गिरणगावातल्या भजनी मंडळ्या, व्यायामशाळा, तालमी, कामगार रंगभूमी, गावाकडच्या मंडळांच्या बैठका, रात्रशाळांची पोरं, हे सगळं कुठल्या वेळात उभं राहिलं? तो वेळ कुणीतरी आधी रिकामा करून दिला होता. माझे वडील गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. रविवारी सकाळी ते गावच्या मंडळाच्या खोलीत जात. मंडळाचा हिशेब त्यांच्याकडे होता. सातवीपर्यंत शिकलेला माणूस, पण ती वही इतकी नेटकी की नंतर कितीतरी वर्षं लोक दाखवायला काढत. सहा दिवस मुकादमाच्या हाकेवर चालणारा तोच माणूस सातव्या दिवशी वहीवर रेघ आखताना वेगळाच दिसायचा. ते रिकामपण नसतं तर आम्हा मुलांना वडिलांचा तो चेहरा दिसलाच नसता.

आता घड्याळाकडे वळू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची जी नैसर्गिक मर्यादा होती तीही गेली. काम तेरा-चौदा तासांवर गेलं. १९११ च्या कायद्याने ते बारा तासांवर आणलं. १९२२ साली अकरा, १९३४ साली दहा, आणि १९४६ साली नऊ. ही १९४६ ची दुरुस्ती डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते तेव्हाची. तिच्यामुळे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ झाले. एकेक तास खाली यायला दहा-बारा वर्षं लागली आहेत. या प्रत्येक तासापाठी संप आहेत, उपास आहेत, खाडे आहेत. मग संविधानाने अनुच्छेद ४३ मध्ये राज्याला सांगितलं की कामगाराला निर्वाहापुरतं वेतन तर मिळावंच, पण फुरसतीचा पुरेपूर उपभोग घेता येईल अशी कामाची परिस्थितीही मिळावी. फुरसत हा शब्द आपल्या संविधानात आहे, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या कामाची रोजची कमाल मर्यादा नऊ तासांवरून बारावर न्यायला मंजुरी दिली. मधल्या सुट्टीआधी सलग पाच तास काम घेता येई, ते सहा तास. तिमाहीतले जादा कामाचे तास ११५ वरून १४४. बारा हा आकडा १९११ चा आहे.

याच्या बाजूचं म्हणणं मी नीट ऐकलं आहे आणि ते उडवून लावण्यासारखं नाही. उद्योग यायला हवेत, परराज्यांशी स्पर्धा आहे. जादा कामाला कामगाराची लेखी संमती लागेल आणि पगार दुपटीने मिळेल. शिवाय कामगारांनाच जादा काम हवं असतं. हे शेवटचं खरं आहे. माझ्या भावाने वर्षानुवर्षं मागून ओव्हरटाइम घेतला. मुलांची फी त्याच पैशांतून गेली. पण हवं असतं म्हणजे काय, ते विचारायला नको का? आठ तासांच्या पगारात घर चालत नाही म्हणून बारा तास हवे असतात. त्यावरचं औषध आठ तासांचा पगार वाढवणं हे आहे. आणि कंत्राटावरचा, दर अकरा महिन्यांनी कागद नवा करून घेणारा कामगार संमतीच्या फॉर्मवर नाही लिहील, अशी अपेक्षा धरणाऱ्याने आयुष्यात कधी कंत्राटावर काम केलेलं नसावं. संमती ज्याला नाकारता येते त्याचीच असते.

बारा तासांत प्रवास धरलेला नाही. विरार, कर्जत, टिटवाळ्याहून येणाऱ्याचे जाऊन-येऊन तीन तास धरा. उरले नऊ. त्यात आंघोळ, जेवण, पाण्याची वेळ, पोरांचा अभ्यास आणि झोप. हिशेब कुणीही करावा. ‘पुढे दोन दिवस जास्त सुट्टी मिळेल की’ असंही सांगितलं जातं. झोप पोत्यात भरून ठेवता येत नाही.

शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही, त्याच्याकडे त्यासाठी शब्द आहे: वाफसा. भरपूर पाऊस पडून गेला की लगेच औत घालत नाहीत. पाणी जरा निचरून मातीच्या कणांमधल्या पोकळीत पुन्हा हवा यावी लागते. पाणीही हवं आणि हवाही, अशी ती अवस्था. त्याआधी पेरलं तर बी कुजतं, आणि उभ्या पिकात पाणी साचून राहिलं तर भोवती पाणीच पाणी असूनही पीक पिवळं पडतं, कारण मुळांना श्वास घ्यायला जागा राहत नाही. महिन्याचा पाऊस एका दिवसात पडला तर सरासरी बरोबर येते, पण शेत जातं. आठवड्याचे तास तेवढेच राहतील म्हणून दिवसाचे वाढवायला हरकत काय, असं म्हणणाऱ्याने एकदा वाफशाची वाट बघत बांधावर बसलेल्या माणसाशी बोलावं.

गेल्या दिवाळीआधी पुतणीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला आम्ही दादरला गेलो होतो. दुकान मोठं, तीन मजली. आम्ही चौघी गादीवर बसलेल्या आणि साड्या दाखवणारी मुलगी उभी. पंचविशीची असेल. साडी उलगडायची, खांद्यावर टाकून दाखवायची, घडी घालायची. मध्येच ती एका पायावरचा भार दुसऱ्यावर घ्यायची, आणि दुसरा पाय चपलेतून अर्धा बाहेर काढून बोटं पसरायची. बोटं सुजलेली होती, चपलेच्या पट्ट्याचा वळ उमटला होता. दोन तास झाले होते. मी म्हटलं, ‘अगं, जरा टेक ना.’ तिने वर कोपऱ्यात बघितलं. ‘कॅमेरा आहे, काकू. टेकलं की फोन येतो खालून.’ सकाळी साडेदहाला आली होती, रात्री नऊ वाजता सुटणार होती. मधला अर्धा तास जेवणाचा. एक स्टूल ठेवायला त्या दुकानाला काय खर्च आला असता? तो खर्चाचा प्रश्न नव्हताच. बसलेला नोकर मालकाला रिकामा दिसतो आणि रिकामा नोकर डोळ्यांत खुपतो.

केरळात याच स्टुलासाठी बायका लढल्या. कोझिकोडच्या मिठाई तेरुवू या बाजारपेठेतल्या दुकानांत काम करणाऱ्या बायकांचा झगडा आधी स्वच्छतागृहासाठी सुरू झाला. उभं राहून पायांच्या शिरा फुगायच्या, आणि दुकानात जायला संडास नाही म्हणून बायका दिवसभर पाणी पीत नसत. पी. विजी या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी त्यांना एकत्र केलं. २०१८ साली केरळ सरकारने दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती करून काम करणाऱ्याला बसायला जागा देणं बंधनकारक केलं. २०२१ साली तमिळनाडूने तसाच कायदा केला. बसण्याचा हक्क असं त्याला तिकडे म्हणतात. महाराष्ट्रात दुकानं अहोरात्र उघडी ठेवण्याची मुभा देणारा कायदा २०१७ साली झाला, पण दुकानात स्टूल ठेवा असं ठणकावून सांगणारी चळवळ इथे अजून उभी राहिली नाही. कामगारांच्या सुट्टीची लढाई जिथे जिंकली गेली त्या मुंबईत आज स्टूल मिळत नाही, याची मला लाज वाटते. कायद्यात एक कलम घालायचं आहे आणि गिऱ्हाइकांनी एक सवय बदलायची आहे: बसलेल्या मुलीकडून साडी बघायची.

पुण्याच्या दुकानदारांच्या एक ते चारवर महाराष्ट्राने वर्षानुवर्षं विनोद केले. गोव्यातही म्हापसा-मडगावच्या जुन्या बाजारांत दुपारी फळ्या ओढल्या जातात आणि बाहेरचा पर्यटक वैतागतो. मला त्या बंद फळीबद्दल आदरच वाटत आला आहे. ती एकट्या मालकाची फळी नसते. सगळी पेठ एका वेळी मिटते म्हणून कुणाचं गिऱ्हाईक कुणाकडे जात नाही, आणि म्हणून आतला नोकरही घरी जाऊन गरम जेवतो, लेकराला मांडीवर घेतो. एकाने जरी दुपारी उघडं ठेवलं तरी महिन्याभरात सगळ्यांना उघडावं लागतं. गंमत विनोदांत होती, पण त्या फळीमागे शहाणपण होतं ते आपण हसण्यात घालवलं.

हे सामुदायिक रिकामपण पुरं करून दाखवणारी जागा माझ्या आजोळच्या बाजूला आहे. मालवण तालुक्यातल्या आचऱ्यात काही वर्षांनी गावपळण होते. रामेश्वराचा कौल होतो आणि अख्खा गाव तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर जातो. गुरंढोरं, कोंबड्या, कुत्रे बरोबर. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळे. शाळा, बाजार बंद. मी आठेक वर्षांची असताना एकदा आजीबरोबर गेले होते. झावळ्यांची खोप, बाहेर तीन दगडांची चूल, रात्री कुठेतरी भजन, कुठे पत्ते. आमच्या आजीला मी आयुष्यात पहिल्यांदा दिवसाढवळ्या पाय पसरून बसलेलं तिथे बघितलं. तिला विचारलं तेव्हा म्हणाली, ‘गाव पळालो काय माणसाक वायच उसंत गावता.’ या प्रथेभोवती भुताखेतांच्या गोष्टी आहेत. त्यांवर माझा विश्वास नाही, आणि आजारी माणसाला, परीक्षेच्या पोराला वेशीबाहेर न्यायलाच हवं असाही आग्रह कुणी धरू नये. पण गाव चालवणाऱ्या माणसांना कधीतरी एक गोष्ट कळली असणार. घरात भांडी, केर, गोठा, विहीर असेपर्यंत बाईला विसावा मिळत नाही. तिला ओट्यावर बसवून भागत नाही. अख्खं घरच तीन दिवस बंद करावं लागतं. आणि शेजारीण राबत असताना एकटी कुणी बसू शकत नाही, म्हणून बंद सगळ्यांनी करायचं.

बाईचा विसावा हा या सगळ्या प्रश्नातला सगळ्यात दुखरा भाग. ‘जरा पाठ टेकते’ असं आई म्हणायची. झोपते असं तिने कधी म्हटलेलं मला आठवत नाही. वडील रविवारी दुपारी भिंतीशी पथारी टाकून गाढ झोपत. तो त्यांचा लोखंडेंनी मिळवून दिलेला रविवार. आईचा रविवार म्हणजे मटण, वाटण, पाहुणे, आठवड्याचे चादरी-पडदे. ती टेकायची ती मोरीच्या उंबऱ्याशी, कारण आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत बाकी जागाच नसायची. गुडघे पोटाशी, पदर तोंडावर, आणि पाण्याची धार बदलली की जाग. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळेच्या वापराच्या पाहणीत आपल्याच घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो आणि करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटं, असं आढळलं. आईची मिनिटं कुणी मोजली नाहीत. घर साधं ठेवा, पसारा कमी करा हा सल्ला मला आवडतो तो याच कारणाने: घरातली प्रत्येक जास्तीची वस्तू कुणीतरी पुसत असतं. पण साधेपणा विकत मिळायला लागला की त्याचा अर्थ बदलतो. मोठ्या घरातली मोकळी भिंत छान दिसते. तिच्यावरची धूळ पुसायला येणारी बाई आठ जणांच्या खोलीत परत जाते.

आणि ती बाई आपल्याकडे रविवारीही येते. घरकामगारांसाठी महाराष्ट्रात २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा झाला. आठवड्याची सुट्टी मात्र त्यांना अजून घरोघरी मागूनच घ्यावी लागते. मिळाली तर उपकार, आणि न विचारता घेतली तर खाडा. हा शब्द गिरणीतही होता. कामावर न आलेला दिवस म्हणजे खाडा, आणि तेवढे पैसे कापले जायचे. ज्या गिरणी कामगारांच्या मुलांनी, नातवंडांनी शिकून-सवरून फ्लॅट घेतले, तेच आज स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मावशींचे खाडे लाल पेनाने गोल करतात. मीही केलेले आहेत. आपल्या आजोबांनी मैदानावर उभं राहून जे मागितलं ते आपल्या दारात आलेल्या बाईला आपण नाकारत आहोत, हे मला बरीच वर्षं दिसलंच नाही.

जमिनीचंही तेच झालं. गिरण्यांची मुंबईतली जमीन सुमारे सहाशे एकर. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसत गेल्या, आणि १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांत अशी तरतूद झाली की ही जमीन विकसित करताना एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटप सगळ्या जमिनीचं न होता ज्या तुकड्यावर बांधकाम नाही तेवढ्याचंच करायचं ठरलं. गिरणीच्या आवारात बांधकाम नसलेली जागा असणार किती? प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००६ साली बदललेला नियम कायम राहिला. लालबाग-परळच्या पोरांना मिळू शकली असती अशी मैदानं एका व्याख्येत गेली. आज तिथल्या टॉवरच्या सातव्या मजल्यावर, गाड्यांच्या डोक्यावर बाग आहे. ती रहिवाशांची. खालच्या रस्त्यावर, बसस्टॉपवर, दुपारी डबा पोचवून आलेला पोरगा मोटारसायकलच्या सीटवरच आडवा होतो, पाय हँडलवर टाकून. त्याला पाठ टेकायला शहरात तेवढीच जागा आहे.

आमच्या सोसायटीच्या गेल्या सभेत मी एक विषय मांडला. इमारतीत बावीस घरं, घरकामाला येणाऱ्या बायका नऊ. बहुतेक जणी चार-पाच घरं करतात. मी म्हटलं, आठवड्यातून एक दिवस सगळ्या घरांनी मिळून सुट्टी द्यायची, पैसे न कापता. वेगवेगळ्या वारी दिली तर उपयोग नाही; एका घराने सोडलं आणि दुसऱ्याने बोलावलं तर बाईला यावंच लागतं. चहासोबत बराच वाद झाला. एका आजोबांच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, त्यांची अडचण खरी होती. त्यांच्यासाठी शेजारच्या दोन घरांनी रविवार वाटून घेतले. कुणी म्हणालं, रविवारीच पाहुणे येतात. कुणी म्हणालं, एकदा सवय लावली की मग आवरत नाही. शेवटी चौदा घरं तयार झाली. आठ झाली नाहीत.

माझ्याकडे येणाऱ्या मावशींच्या पाच घरांपैकी चार त्या चौदांत आहेत, एक नाही. म्हणजे त्या एका घरासाठी त्यांना रविवारी यावंच लागतं, जिने चढून, पाऊण तासाच्या कामाला. परवा मी त्यांना म्हटलं, थोडं थांबा, पुढच्या सभेत पुन्हा काढते विषय. त्या म्हणाल्या, ‘काढा ताई. पण माझं नाव नका घेऊ.’ सभा येत्या दहा तारखेला आहे.